नाटकातली गाणी, जॅझची आवर्तनं : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

ब्रॉडवे हा न्यूयॉर्कमधला नाट्यगृहांचा रस्ता. तिथल्या संगीत नाटकांनाही पुढे तेच नाव पडलं. मागच्या अंकात या नाटकांतल्या जुन्या गाण्यांची ओळख करून देताना, जॅझच्या कलाकारांनी त्यांना ‘स्टँडर्ड’ (सगळ्यांनीच वाजवायचं ठेवणीतलं गाणं) म्हणून आपलंसं केलं, एवढाच ओझरता उल्लेख आम्ही केला होता. वाचकांनी नेमका तोच धागा पकडला. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : जॅझवाल्यांकडे स्वतःच्या चाली नव्हत्या का? दुसऱ्याच्या नाटकातली गाणी त्यांनी का उचलली?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : चाली भरपूर होत्या. ब्लूज तर त्यांच्या घरचंच, आणि एकट्या ड्यूक एलिंग्टन या बँडप्रमुखांनी शेकडो रचना केल्या. पण १९२० आणि १९३० च्या दशकांत जॅझ वाजायचं ते मुख्यतः नाचाच्या हॉलमध्ये आणि क्लबात. तिथे आलेल्या माणसाला काल रेडिओवर ऐकलेलं गाणं आज हवं असे. नाटक चाललं की त्यातल्या गाण्यांची छापील स्वरलिपी दुकानात येई, रेडिओवर ती वाजू लागत, आणि बँडलाही ती वाजवावी लागत. रोज रात्री तेच गाणं वाजवायचं म्हटल्यावर वादक त्यात स्वतःचं काही घालू लागला.

दुसरं कारण गाण्याच्या बांध्यात आहे, आणि आमच्या मते तेच मोठं. ब्रॉडवेच्या गाण्याला सुरुवातीला एक प्रास्ताविक असे. संवादातून गाण्यात उतरायची ती पायरी. नाटकाबाहेर तिला काम उरत नाही, म्हणून जॅझमध्ये ती बहुधा गाळली गेली. उरला मुख्य भाग, बहुतेक वेळा ३२ बारांचा (बार म्हणजे मात्रांचा एक ठरलेला गट) : पहिले ८ बार, तेच ८ पुन्हा, मग वेगळ्या वळणाचे ८ (याला ब्रिज म्हणतात), आणि शेवटी परत पहिले ८. एका बारात ४ मात्रा धरल्या तर १२८ मात्रांचं हे एक आवर्तन झालं. ठेक्यावर बंदिश फिरते तशी ही चौकट कॉर्डसकट (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे काही स्वर) पुन्हा पुन्हा फिरते आणि प्रत्येक फेरीत वादक नवं काही मांडतो. आपल्याकडे षड्ज जागचा हलत नाही. तिथे खालची कॉर्ड दर बाराला, कधी दर दोन मात्रांना बदलते. वादकाची परीक्षा तिथे असते.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या सांगलीच्या वाचकाला हे परकं वाटू नये. ‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्यातलं ‘चंद्रिका ही जणू’ मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिकेवर गायलं, तेव्हा नाटकातला प्रसंग मागे राहिला. उरली ती चाल आणि खाँसाहेबांचा सूर. ‘स्वयंवर’मध्ये (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी बंदिशींवरून पदं बांधली आणि तीच पदं पुढे मैफलीत परत आली. अमेरिकेतही हे देणंघेणं दोन्हीकडून होतं. संगीतकार जॉर्ज गर्श्विन ‘पोर्गी अँड बेस’ हा ऑपेरा रचताना १९३४ च्या उन्हाळ्यात साऊथ कॅरोलायनातल्या फॉली बेटावर जाऊन राहिले आणि तिथल्या कृष्णवर्णीयांचं गाणं कानात साठवलं. १९३५ साली ती कलाकृती ब्रॉडवेवर आली. १९५८ साली कृष्णवर्णीय ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस आणि मांडणीकार गिल इव्हान्स यांनी त्याच गाण्यांची ट्रंपेट आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी नवी मांडणी केली. गाणं ज्यांच्याकडून उचललं होतं, त्यांच्याकडेच ते नव्या रूपात परतलं.

प्रश्न : कोलमन हॉकिन्स यांची ‘बॉडी अँड सोल’ ऐकली. मूळ चाल मला पाठ आहे, पण पहिल्या काही सेकंदांनंतर ती सापडतच नाही. मग हे तेच गाणं कसं?
— एक वाचक, विटा

उत्तर : तुमचा कान बरोबर आहे. ‘थ्रीज अ क्राउड’ (१९३०) या रंगमंचीय कार्यक्रमातून गाजलेलं, जॉनी ग्रीन यांचं हे गाणं हॉकिन्स यांनी ११ ऑक्टोबर १९३९ रोजी टेनर सॅक्सोफोनवर ध्वनिमुद्रित केलं. सुमारे तीन मिनिटांत दोन फेऱ्या. सुरुवातीच्या बारांत चालीची चाहूल लागते, पुढे सगळा विस्तार. ख्यालात मुखडा दर आवर्तनाला परत येतो आणि ऐकणाऱ्याला धरून ठेवतो. इथे मुखडा परत येतच नाही. कायम राहतात त्या फक्त कॉर्ड.

ऐकताना रेकॉर्डबरोबर मूळ चाल मनातल्या मनात गुणगुणत राहा. लय संथ आहे, त्यामुळे जमतं. १६ बार संपले की ब्रिज सुरू होतो आणि डी फ्लॅट या पट्टीत चाललेलं गाणं एकदम अर्ध्या स्वराने वर, डी मेजरवर सरकतं. चार बारांनी सी मेजरवर येतं, आणि शेवटच्या ८ बारांना परत डी फ्लॅट. खोलीतला दिवा बदलावा तशी ही सरक जाणवते. ती जागा एकदा ओळखू आली की पुढचे मागचे बार आपोआप जागेवर बसतात. दहा वेळा ऐकावं लागलं तरी ऐकाच. जॅझ कानात उतरायला याहून चांगलं दार आम्हाला माहीत नाही.

प्रश्न : लग्नाच्या बँडमध्ये आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. ‘रिदम चेंजेस’ शिक, मग जॅझ वाजवता येईल, असं एकाने सांगितलं. हे नेमकं काय आणि कसं बसवायचं? सोबत एक क्लॅरिनेट, एक कॅसिओ आणि ड्रमसेट आहे.
— एक वादक, कराड

उत्तर : ‘आय गॉट रिदम’ हे गर्श्विन यांचं ‘गर्ल क्रेझी’ (१९३०) नाटकातलं गाणं, रंगमंचावर एथेल मर्मन यांनी गायलेलं. त्याच्या कॉर्डच्या साखळीला रिदम चेंजेस म्हणतात. चाल टाकून देऊन या साखळीवर शेकडो नव्या चाली बांधल्या गेल्या : एलिंग्टन यांची ‘कॉटन टेल’ (१९४०), चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांची ‘अँथ्रॉपॉलॉजी’, सनी रोलिन्स यांची ‘ओलिओ’ (१९५४). एक साखळी बसली की हे सगळं भांडार उघडतं.

कॅसिओवर पट्टी बी फ्लॅट. पहिले ८ बार असे, प्रत्येक कॉर्ड दोन मात्रांची : बी फ्लॅट, जी सेवन / सी मायनर सेवन, एफ सेवन / हेच दोन बार पुन्हा / बी फ्लॅट, बी फ्लॅट सेवन / ई फ्लॅट, ई फ्लॅट मायनर / बी फ्लॅट, एफ सेवन / आठवा बार पूर्ण बी फ्लॅट. ब्रिज सोपा : डी सेवन २ बार, जी सेवन २ बार, सी सेवन २ बार, एफ सेवन २ बार.

आता पट्टीचा घोळ. तुमच्या आल्टोवर जी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट. म्हणून तुम्ही जी मेजरमध्ये वाजवायचं : जी, ई सेवन, ए मायनर सेवन, डी सेवन अशी सुरुवात, आणि ब्रिज बी सेवन, ई सेवन, ए सेवन, डी सेवन. तुमच्या साथीदाराचा क्लॅरिनेट बी फ्लॅटचा असेल (बँडमध्ये बहुधा तोच असतो) तर त्याने सी मेजर धरायचा. ब्रिज ई सेवन, ए सेवन, डी सेवन, जी सेवन. कॅसिओवाल्याने ट्रान्सपोजचं बटण शून्यावर आहे ना, ते आधी पाहावं. लग्नातल्या गाण्यांसाठी ते वरखाली करून ठेवलेलं असतं, आणि तालमीचा पहिला अर्धा तास ‘कोण बेसूर आहे’ यात जातो.

सराव या क्रमाने करा. मोबाइलवरचा मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं ॲप) ६० वर लावा, पण त्याचा ठोका पहिल्या मात्रेवर धरू नका. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. म्हणजे गाण्याची लय १२० झाली. नुसत्या टाळ्या आणि तोंडाने मोजणं, पाच मिनिटं. आपला कान समेवर जोर द्यायला तयार झालेला असतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात ठोका घसरून परत एक-तीनवर येतो. घसरला की थांबा आणि पुन्हा धरा, रेटू नका. मग प्रत्येक कॉर्डचा फक्त मूळ स्वर वाजवत सलग तीन फेऱ्या.

त्यानंतर ब्रिजमधल्या कॉर्डचे तिसरे आणि सातवे स्वर. इथे मन लावून वेळ द्या. आल्टोवर बी सेवनचा तिसरा स्वर डी शार्प. ई सेवनचा सातवा डी. ए सेवनचा तिसरा सी शार्प. डी सेवनचा सातवा सी. डी शार्प, डी, सी शार्प, सी : दर दोन बारांनी अर्धा स्वर खाली, पायऱ्या उतरावं तसं. दुसरी ओळ ए, जी शार्प, जी, एफ शार्प. या दोन ओळी तुम्ही आणि क्लॅरिनेटने एकेक वाटून घेतल्या (क्लॅरिनेटसाठी पट्टी बदलून), तर ड्रमशिवायसुद्धा कॉर्ड ऐकू येतात. सोलोत कितीही जलद स्वर काढा, कॉर्ड बदलताना यातला एक स्वर लागला की वाजवणं गाण्यात बसतं. चुकला की नुसती सरगम होते.

चालीसाठी ‘ओलिओ’ घ्या. तिच्या ब्रिजला ठरलेली चाल नाही, तिथे थेट सोलो करायचा असतो. एका मात्रेत दोन स्वर वाजवताना पहिला लांब, दुसरा आखूड, मध्यम लयीत साधारण दोनास एक; लय वाढली की हा फरक कमी कमी होत जातो. दादऱ्यासारखी स्पष्ट उडी मारली तर ते लग्नाच्या बँडचं वाटतं, जॅझचं नाही.

हमखास चुकणारी जागा आता सांगतो. शेवटचे ८ बार संपले की लगेच नवी फेरी त्याच ८ बारांनी सुरू होते आणि ते दोनदा येतात. म्हणजे एकसारखे ८ बार सलग तीनदा. सोलो रंगात आला की आपण दुसऱ्यात आहोत की तिसऱ्यात, हे हटकून विसरतं आणि निम्मा बँड ब्रिजला जातो, निम्मा जात नाही. ड्रमवाल्याने ब्रिजच्या आधीच्या बारात ठरलेला एक तुकडा वाजवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. चूक झालीच तर सगळ्यांनी ब्रिजची डी सेवन ऐकून तिथे भेटायचं. ती कॉर्ड इतकी वेगळी आहे की लपत नाही. आणि मूळ गाण्याच्या छापील प्रतीत शेवटी २ बारांची शेपटी आहे, एकूण ३४ बार. जॅझमध्ये सोलोला ती कापतात. एकाने छापील प्रतीवरून आणि दुसऱ्याने रेकॉर्डवरून बसवलं तर पहिल्या फेरीअखेर दोघे दोन बारांनी लांब गेलेले असतात.

प्रश्न : ‘साउंड ऑफ म्युझिक’ सिनेमातलं ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ मुलांना वादळाच्या रात्री ऐकवलेलं गाणं आहे. जॉन कोल्ट्रेन यांनी सिनेमातलं बालगीत का निवडलं? घरी तानपुऱ्यावर ते वाजवून पाहता येईल का?
— व्हायोलिन शिकणारी वाचक, सातारा

उत्तर : सिनेमा १९६५ चा. कोल्ट्रेन यांनी ऑक्टोबर १९६० मध्येच ते ध्वनिमुद्रित केलं होतं. त्यांच्यासमोर होतं ते रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचं नोव्हेंबर १९५९ मध्ये रंगभूमीवर आलेलं नाटक; त्यात हे गाणं मठात, मारिया आणि मठाच्या मुख्य साध्वी गातात. वादळ आणि मुलं सिनेमाने आणली.

कोल्ट्रेन सोप्रानो सॅक्सोफोनवर, मकॉय टायनर पियानोवर, स्टीव्ह डेव्हिस बेसवर, एल्व्हिन जोन्स ड्रमवर, आणि लांबी तेरा मिनिटांहून अधिक. चाल ते पुन्हा पुन्हा, ओळखू येईल अशी वाजवतात, पण सोलोसाठी तिच्या कॉर्ड घेत नाहीत. सोलो चालतो तो ई या एका आधारस्वरावर, आधी मायनर, मग मेजर, हवा तितका वेळ. गाण्याचा शेवटचा भाग, जिथे मूळ गाण्यात मन मोकळं होतं, तो त्यांनी अगदी अखेरीपर्यंत राखून ठेवला आहे. इतका वेळ तो न आल्यामुळेच शेवटी येतो तेव्हा अंगावर येतो. नाटकातल्या गाण्याचं जॅझमध्ये झालेलं एवढं मोठं रूपांतर दुसरं नाही, असं आम्ही ठामपणे म्हणू.

आणि हो, तानपुऱ्यावर हे उत्तम जमतं, कारण आधारस्वर हलत नाही. तानपुरा पांढरी ३ मध्ये लावा, पंचमाचा. मायनर भागाला काफीचे स्वर : गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. मेजर भागाला बिलावल. एकातून दुसऱ्यात जाताना गंधार आधी बदला, निषाद मागून. दोन्ही एकदम बदलले तर पेटी आपटल्यासारखं वाटतं. ताल तीन मात्रांचा. तबल्यावर पूर्ण दादरा वाजवू देऊ नका, त्याने गाण्याला भावगीताची चाल येते. दर चौथ्या बाराला सम दाखवायची आणि मधली जागा हलकी ठेवायची.

प्रश्न : ‘ऑल द थिंग्ज यू आर’ सतारीवर बसवायचा प्रयत्न केला. निम्म्यातच सगळं बेसूर वाटू लागतं. सतार मिरजेचीच आहे, जवारीही नुकतीच काढली आहे.
— एक सतारवादक, मिरज

उत्तर : सतारीत दोष नाही, जवारीतही नाही. जेरोम कर्न यांचं हे गाणं ‘व्हेरी वॉर्म फॉर मे’ या १९३९ च्या नाटकातलं. नाटक ५९ प्रयोगांत बंद पडलं, गाणं मात्र आजही रोज कुठे ना कुठे वाजतं. ते वादकांना प्रिय आहे याचं कारणच तुमची अडचण आहे : ३६ बारांत ते ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट, जी आणि ई अशा पाच घरांतून फिरून परत ए फ्लॅटला येतं. म्हणजे षड्ज पाच वेळा बदलतो. तुमच्या चिकारीच्या आणि तरफेच्या तारा एकाच षड्जाला लावलेल्या. जी आणि ई मेजरच्या भागात त्या सतत चुकीचा स्वर घुमवत राहणार.

सतारीसाठी ‘पोर्गी अँड बेस’मधलं ‘समरटाइम’ घ्या. १६ बार, ६४ मात्रा. चालीचे बहुतेक स्वर धानीचे, मध्येच एका ओळीच्या टोकाला शुद्ध रिषभ. पट्टी तुमच्या सतारीची असेल तीच ठेवा, कॅसिओवाला जुळवून घेईल. त्या रिषभावर कॅसिओ जी कॉर्ड धरतो तिच्यात शुद्ध निषाद असतो, तेव्हा त्या बारात कोमल निषाद लांबवू नका. बाकी ठिकाणी मींडेला भरपूर जागा आहे.

प्रश्न : कॉलेजच्या ग्रुपचं एखादं जुनं ब्रॉडवे गाणं वाजवून इंटरनेटवर टाकलं तर कॉपीराइटची अडचण येते का?
— एक विद्यार्थी, इस्लामपूर

उत्तर : कॉर्डच्या साखळीवर कुणाचा हक्क नसतो, चालीवर आणि शब्दांवर असतो, आणि ते दोन वेगळे हक्क आहेत. चार्ली पार्कर यांच्या काळात जुन्या कॉर्डवर नव्या चाली बांधण्यामागे हेही एक कारण होतं : मूळ गाण्याची रॉयल्टी द्यावी लागत नसे. भारतात हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. जॉर्ज गर्श्विन १९३७ साली वारले, त्यांच्या चालींची मुदत केव्हाच संपली. शब्द बहुधा भाऊ इरा यांचे, ते १९८३ पर्यंत होते. म्हणून तुम्ही गाऊ नका, नुसतं वाजवा. रिचर्ड रॉजर्स १९७९ साली गेले. त्यांच्या चालींना परवानगी लागेल. इंटरनेटवरचा व्हिडिओ परदेशातही दिसतो आणि तिथली मुदत निराळी असते, हेही ध्यानात ठेवा. दुसऱ्याच्या रेकॉर्डचा तुकडा मात्र कधीच वापरू नका, तो हक्क आणखी वेगळा.

प्रश्न : मी शास्त्रीय गाते. ही गाणी गायला घेतली की ‘नाट्यगीतासारखं वाटतं’ असं ऐकणारे म्हणतात. काय बदलू?
— एक वाचक, वाई

उत्तर : हरकती कमी करा आणि वेळ बदला. बिली हॉलिडे यांचं १९३६ चं ‘समरटाइम’ ऐका : मुरक्या जवळपास नाहीत, आवाजाचा पल्लाही छोटा. सगळी करामत शब्द केव्हा उच्चारायचा यात आहे. ओळ ठोक्याच्या किंचित मागून येते आणि पुढच्या कॉर्डपर्यंत नेमकी पोचते.

असं बसवा. आधी शब्द गद्यात बोला, कुणाला सांगतोय तसे, पण मागे मेट्रोनोम चालू ठेवून. मग तेच एका स्वरावर म्हणा. मग चाल लावा. चौथ्या पायरीला प्रत्येक ओळ एक मात्रा उशिरा सुरू करा, पण संपवा मूळ जागीच. मधले शब्द आपोआप आक्रसतात. सुरुवातीला साथीदार तुमच्यासाठी थांबतील. त्यांना बजावून ठेवा की थांबायचं नाही, नाहीतर मागे राहण्याचा अर्थच उरत नाही. पट्टीचाही विचार करा : ‘पोर्गी अँड बेस’मध्ये ‘समरटाइम’ बी मायनरमध्ये, ऑपेराच्या सोप्रानो आवाजासाठी लिहिलं आहे. बोलण्याच्या आवाजाजवळ येईपर्यंत ते खाली घ्या.

निरर्थक अक्षरांची आलापी, म्हणजे स्कॅट, सगळ्यात शेवटी. त्यासाठी एला फिट्झजेराल्ड यांचा बर्लिनमधला १३ फेब्रुवारी १९६० चा कार्यक्रम ऐका. ‘मॅक द नाइफ’ हे मूळ १९२८ च्या जर्मन संगीत नाटकातलं, इंग्रजीत न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून पसरलेलं गाणं त्या गात होत्या आणि मध्येच शब्द विसरल्या. विसरले आहे, हेच त्यांनी चालीत, यमक जुळवत गाऊन सांगितलं आणि गाणं पुरं केलं. ऐकताना बोटांवर १६ बार मोजत राहा : कडवं संपतं तिथेच त्यांचं वाक्यही संपतं, एकदाही बार चुकत नाही.